तिसरं तोंड

काकांनी पत्र टेबलावर ठेवलं, त्यावर पेन ठेवलं आणि पेन घरंगळू नये म्हणून शेजारी चष्म्याचं घर टेकवलं. काकांचं सगळं असं बंदोबस्तातलं. बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. माल वितळायच्या आत पोचला पाहिजे ही घाई त्यांच्या हाडीमांसी खिळली होती. त्यातून तीन वर्षांपूर्वी नगर समितीवर निवडून आल्यापासून ते घरातही ठराव मांडल्यासारखे बोलत.

"तीन सह्या," ते म्हणाले. "दादाची, माझी, धाकटीची. पाच मिनिटांचं काम. मग चहा."

"चहा आधी झाला तर सह्या पळून जाणार आहेत का?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

बाबांनी पत्र उचललं आणि हातात नुसतंच धरून ठेवलं. बाबा वजनकाटे दुरुस्त करत. कुठलीही वस्तू हातात आली की तिचं वजन केल्यासारखे थांबायचे. त्यांच्या शेजारी धाकटी आत्या बसली होती. ती शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे पत्रातला मजकूर कळायच्या आधी तिला त्यातल्या चुका दिसत. आणि खिडकीजवळ, कोणी बस म्हटलं नाही म्हणून, फूटपट्टी उभी होती.

फूटपट्टी हे काकांनीच पाडलेलं नाव. पुतणी आठ वर्षांची असताना तिनं काकांचं नवंकोरं कपाट मोजलं होतं आणि ते दारातून आत जाणार नाही असं भर पाहुण्यांत सांगून टाकलं होतं. कपाट खरंच गेलं नाही. आता ती तेहतीस वर्षांची होती, मोजणी कार्यालयात नोकरीला होती, आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी बेटाचा नवा नकाशा निघत होता त्यातल्या नावांची यादी तिच्याकडे होती. जुना नकाशा अप्पांचा, तिच्या आजोबांचा. अप्पांना जाऊन अकरा महिने झाले होते. हे टेबलही त्यांचंच, आणि त्याच्या कडेवर त्यांनी ब्लेडनं पाडलेल्या सेंटिमीटरच्या खुणा अजून बोटाला लागत.

"वाच मोठ्यानं," काका धाकट्या आत्याला म्हणाले.

आत्यानं चष्मा सारखा केला. "आम्ही, दिवंगत अप्पांची तीन अपत्ये, बेटाच्या दक्षिण टोकास नव्याने तयार झालेल्या अनामिक वाळूच्या पट्ट्यास 'अप्पा स्मृती पुळण' असे नाव देण्यास संमती देत आहोत. स्थळ, दिनांक." ती थांबली. "मजकूर शुद्ध आहे."

"अनामिक नाहीये," फूटपट्टी म्हणाली.

"झालं सुरू," काका म्हणाले. "तुझ्या वहीत नाव आहे का त्या वाळूला?"

"पूर्ण नाही."

"पूर्ण नाही म्हणजे नाही. तुझ्याच कार्यालयाचा नियम आहे. तीन तोंडं नसतील तर जागा अनामिक, आणि अनामिक जागेला नाव द्यायचा अधिकार समितीचा. उद्या बाराला तुझी यादी बंद होते. परवा कार्यक्रम. मी नियमानंच चाललोय बाई."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. नियम अप्पांचा होता. नाव विचारून मिळत नाही, असं ते म्हणत. विचारलं की माणूस शहाणा होतो आणि बरं दिसेल ते सांगतो. माणूस दुसऱ्याच कामात असताना त्याच्या तोंडून आपसूक पडतं ते नाव. अशी तीन तोंडं हवीत, एकमेकांशी संबंध नसलेली, आणि त्या नावातून ज्याचं काही भलं होणार आहे त्याचं तोंड धरायचं नाही. फूटपट्टी सात महिने बेटभर हेच करत फिरली होती. सायकलची हवा भरता भरता, दुकानात खोकला-पडशाच्या गोळ्या मागता मागता, लोक काय बोलतात ते ती ऐके आणि कोपऱ्यावर जाऊन वहीत लिही.

बेट तेच राहिलं नव्हतं. हत्तीखडकाची सोंड एका वादळात गळून पडली होती, पण तो हत्तीच राहिला होता. जुनं बंदर आता समुद्रापासून अर्धा कोस आत होतं. तिथं लोक भाज्या पिकवत आणि बंदरावरची वांगी म्हणून विकत. विहीरमाळ मात्र पाण्यात गेला होता आणि मच्छीमारांची जाळी तिथं विहिरीच्या कठड्याला अडकून फाटायची. अप्पांच्या नकाशातल्या दोनशे चौदा नावांपैकी एकशे अडुसष्ट नावांना तिला तीन तोंडं मिळाली होती. जी मेली होती त्यांच्यापुढे काट मारताना तिला वाईट वाटलं होतं, पण तिनं मारली होती.

दक्षिण टोकाच्या वाळूला दोन तोंडं मिळाली होती. एक डिझेलच्या पंपावरची बाई: "अक्काच्या वाळूपलीकडे जाणार असशील तर कॅन भरून घे." दुसरे निवृत्त दीपगृहवाले, आपल्या गायीची तक्रार सांगताना: "परवा पोहत पोहत अक्काच्या वाळूवर जाऊन उभी राहिली, निर्लज्ज." शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायका दिवसातून दहादा ते नाव घेत, पण त्या अक्काबरोबरच काम करत. त्यांची तोंडं चालत नव्हती.

आणि अक्का म्हणजे थोरली आत्या. अप्पांचं पहिलं अपत्य. ज्या पत्रात अपत्यं तीन होती त्या पत्रात ती नव्हती.

आई चहाचा ट्रे घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "परवा मी गेले होते ना अक्काच्या वाळूवर, तिथं खारफुटी आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय." मग लेकीकडे पाहून भुवया उडवल्या. "झालं ना तिसरं?"

"नाही झालं. तुला माहीत आहे मी काय शोधतेय."

"म्हणजे आईचं तोंड तोंड नाही?"

"नियमात बसत नाही."

"हुबेहूब अप्पांवर गेलीय," आई कपाळाला हात लावून म्हणाली. "बसू दे बेटाला बिननावाचं."

"वहिनी, तुम्ही तिच्याकडे जाता?" काकांचा कप अर्ध्यावर थांबला.

"सव्वीस वर्षं जातेय. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही."

बाबांनी पत्रावरून नजर उचलली नाही. बाबांना माहीत होतं, हे फूटपट्टीला त्यांच्या मानेवरून कळलं.

सव्वीस वर्षांपूर्वी मोठी वाट भरत चालली होती. मोठी वाट म्हणजे बेटात शिरायचा बोटींचा रस्ता, अप्पांच्या नकाशात जाड निळ्या रेषेनं काढलेला. अक्का रोज होडीतून गाठींची दोरी सोडून खोली मोजायची आणि घरी येऊन सांगायची की दोन हात कमी झालं, तीन हात कमी झालं. अप्पा म्हणायचे, नकाशा छापून झालाय. मग एक मालाची बोट त्या निळ्या रेषेवर विश्वासून वाळूत रुतली, आणि चौकशीच्या सभेत अक्कानं चारचौघांत उभं राहून सांगितलं, मी यांना सांगितलं होतं. जीव कोणाचा गेला नाही. पण अप्पांनी त्या दिवशी घराचं दार लावलं ते तिच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. अक्का दक्षिणेला गेली. कालवं धरण्यासाठी तिनं उथळ पाण्यात खुंट ठोकले. खुंटांमागं वाळू अडली. अडलेल्या वाळूवर तिनं खारफुटी लावली, आणि एका बाजूनं बेट खात असलेल्या समुद्राकडून दुसऱ्या बाजूला सहा एकर जमीन काढून घेतली.

"आणि खुंटांचं काय?" फूटपट्टीनं विचारलं. "समितीच्या कामांच्या यादीत 'अडथळे हटवणे' असं लिहिलंय."

"बोट लागत नाही त्यांच्यामुळं. कार्यक्रमाला लोक काय पोहत येणार?"

"खुंट उपटलेत तर परवा कार्यक्रम होईल. पुढच्या वर्षी त्याच जागी पाणी असेल. मी मोजलंय, काका."

"तू सगळंच मोजलंयस!" काकांचा आवाज चढला. "एक मोजलं नाहीस. शेवटची सहा वर्षं अप्पांना आंघोळ कोणी घातली? मी. भरवलं कोणी? मी. रात्री त्यांना भास व्हायचा की नकाशा भिजतोय, तेव्हा उठून कोरडा आहे असं कोण सांगायचं? आता तुझा नवा नकाशा येणार. जुना रद्दीत. त्या माणसाचं कुठं काही उरायला नको का?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. चहा गरम होता. फूटपट्टीला काकांबद्दल माया वाटली, अगदी आतून वाटली, आणि तरी पत्र खोटंच होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं याचा तिला रागही आला.

"भाऊ म्हणतोय ते मला पटतं," धाकटी आत्या म्हणाली. "अप्पांसाठी तेवढं करायलाच हवं. अक्काचा विषय वेगळा." तिनं पेन घेतलं आणि झर्रकन सही केली.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काका फोन नेहमी स्पीकरवर घेत; समितीचा माणूस, लपवायचं काय.

"साहेब, चाळीस खुर्च्या बोटीत चढवल्या," बोटवाला म्हणाला. "उद्या पहाटेच्या ओहोटीला निघतो. उतरवायच्या कुठं?"

"सांगितलं ना. अप्पा स्मृती पुळण."

"कुठं?"

"पुळण! दक्षिणेची. नवीन."

"दक्षिणेला पुळण नाही साहेब. दीपगृहाखाली आहे ती म्हणताय?"

"ती नव्हे रे! समितीच्या पत्रात दिलंय. ठराव क्रमांक अकरा."

"पत्र खुर्च्यांखाली गेलंय साहेब."

"अरे देवा. टोकाला. खाडी सोडलीस की उजवीकडं."

"उजवीकडं तर खडक आहेत."

"खडक सोडून रे बाबा! जिथं खुंट आहेत, खारफुटी आहे..." काका आता उभे राहिले होते आणि मोकळ्या हातानं हवेत बोट वळवत होते. "अरे अक्काच्या वाळूवर! अक्काच्या वाळूवर उतरव!"

"हां," बोटवाला म्हणाला. "मग असं सांगा ना," आणि त्यानं फोन ठेवला.

मग धाकटी आत्या हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर घेऊन, मग तिला आवरेचना. मुख्याध्यापिका झाल्यापासून तिला असं हसताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. आई तर सरळ खुर्चीत बसून हसली.

फूटपट्टी हसली नाही. तिनं पिशवीतून वही काढली, अप्पांच्या टेबलावर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. "चार वाजून वीस मिनिटं. बोटवाल्याला ठिकाण सांगताना."

"ए! ते धरायचं नाही!" काकांनी हात पुढे केला. "मी चिडलो होतो."

"चिडलेला माणूस नाव बनवत नाही, काका."

"मी घरातला आहे. चालत नाही घरातलं तोंड."

"भलं होणार असेल तर चालत नाही. तुमचं यात नुकसान आहे. याहून चांगलं तोंड मला बेटावर मिळणार नाही." तिनं लिहिलं. अक्षर वळणदार आलं. पुढं तिनं काकांचं नाव लिहिलं आणि धंद्याच्या रकान्यात लिहिलं, बर्फ कारखाना.

काका मटकन बसले. "लिही. काय लिहायचं ते लिही. नकाशावर जाऊ दे ते नाव. पण ठराव समितीचा आहे. कार्यक्रम होणार, खुंट निघणार. ठराव मी मांडलाय आणि माझ्या सहीशिवाय तो मागं जात नाही. दादा, तू सही कर."

बाबांनी पत्र खाली ठेवलं. "माझ्या दुकानात," ते म्हणाले, "काटा पाव ग्रॅमनं चुकला तरी मी त्यावर शिक्का मारत नाही. हे एका आख्ख्या माणसानं चुकलंय."

"दादा, आता तू..."

"मला बोलू दे. मी फार बोलत नाही." बाबांचे कान लाल झाले होते. "ती गेली तेव्हा तिची ट्रंक मी धक्क्यावर नेऊन दिली. मग घरी येऊन जेवलो. पोटभर. मला आठवतं, कारण मला भूक लागली होती याची लाज वाटली होती. अप्पा गेले तेव्हा म्हटलं, कोणीतरी कळवेल. तुला वाटलं मी कळवेन. मला वाटलं तू. तिला डिझेलच्या पंपावर कळलं. मी या पत्रावर सही करणार नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि धाकट्या आत्याकडं दिली. सही करायला लागला होता त्याहूनही कमी वेळात तिनं ते फाडलं. मग बाबांनी दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या मागल्या बाजूवर स्वतःच्या हातानं दुसरं पत्र लिहायला घेतलं. काका उठून गेले. दरवाजा त्यांनी आपटला नाही, नीट लोटला, आणि त्याचंच सगळ्यांना जास्त वाईट वाटलं.

सकाळी धक्क्यावर काका आधीच येऊन उभे होते, इस्त्रीच्या पँटीत. "चाळीस खुर्च्या माझ्या जबाबदारीवर आहेत," ते कोणी विचारायच्या आत म्हणाले, आणि होडीत सगळ्यांपासून दूर बसले.

खुर्च्या वेळेवर पोचल्या होत्या. वाळूवर त्या ओळीनं लागल्या होत्या आणि अकरा खुर्च्यांवर कालवंवाल्या बायका टोपल्या पुढं घेऊन, पाय पसरून, कालवं फोडत बसल्या होत्या. एकीनं मान वर करून काकांना म्हटलं, "बरं केलंत साहेब, कंबर मोडली होती."

अक्का गुडघाभर पाण्यात खुंट ठोकत होती. ती घर सोडून गेल्यापासून फूटपट्टीनं तिला दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा कामासाठी आणि दोन्ही वेळा दुरून. जवळून ती अप्पांसारखी दिसत होती, त्याच रुंद कपाळाची. तिनं तीन भावंडांकडं एकामागून एक पाहिलं, हातोडा खुंटावर टेकवला आणि वाट पाहिली.

बाबा बुटांसकट पाण्यात शिरले. त्यांनी पत्र पुढे केलं. अक्कानं ओले हात कमरेला पुसले आणि कागद लांब धरून सावकाश वाचला. आम्ही अप्पांची चार अपत्ये. या जागेला लोकांनी दिलेले नाव आहे, ते बदलू नये. येथील खुंट काढू नयेत. ठराव मागे घेण्यात येत आहे.

"चार?" अक्का म्हणाली. "चौथी कोण?"

"चौथी नाही," बाबा म्हणाले. "पहिली. खाली बघ, एक नंबरची जागा रिकामी ठेवलीय."

अक्कानं पाहिलं. मग पेन मागितलं आणि बाबांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. बाबांची पाठ हलत होती म्हणून सही वाकडी आली. धाकट्या आत्यानं आपली केली, बाबांनी आपली. चार नंबर उरला. अकरा वाजायला आले होते, भरतीचं पाणी खुंटांच्या कमरेशी लागलं होतं आणि होडीवाला शिट्टी वाजवत होता.

काका कोरड्या वाळूवर उभे होते. "मग अप्पांचं नाव कुठंच नाही," ते म्हणाले. ठरावासारखं नाही, लहान मुलासारखं.

"दोनशे चौदा नावं लिहिली त्यांनी," अक्का म्हणाली. इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते. "एका तरी दगडाला स्वतःचं दिलं?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"देता आलं असतं. कोण अडवणार होतं? मला त्यांचा राग आहे, मरेपर्यंत राहील. पण त्या बाबतीत माणूस चोख होता." तिनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "तू सहा वर्षं केलंस त्यांचं. मला सगळं कळत होतं. मी असते तर माझ्यानं झालं नसतं."

काकांनी बूट काढले, मोजे बुटांत घातले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरले. बाबांच्या हातातला कागद त्यांनी घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि चार नंबरवर सही केली. मग परत द्यायला कागद पुढे केला आणि मागं घेतला. कपाळाला आठी पडली.

"स्थळ भरलंच नाहीये कोणी," ते करवादले. "अर्धवट भरलेले कागद मी रोज परत पाठवतो. उद्या मलाच कोणी परत पाठवेल."

त्यांनी पुतणीला पाठ पुढे करायला लावली. फूटपट्टी वाकली, आणि तिला तिच्या पाठीवर पेनाचं टोक जाणवलं. 'स्थळ'पुढे ते थांबलं. कोणी काही विचारलं नाही. मग ते चालू लागलं, मुख्याध्यापिकेसमोर लिहावं तसं, एकेक अक्षर सुटं आणि ठळक, आणि आठ वर्षांची असल्यापासून सगळं मोजत आलेल्या मुलीला ते न पाहता वाचता आलं. अक्काची वाळू.